परप्रांती घर मांडताना : कोणता हक्क बरोबर येतो, कोणता मागे राहतो

पोटामागे गाव सोडणे ही गोष्ट बीड जिल्ह्याला नवीन नाही. दसरा-दिवाळी झाली की आष्टी, पाटोदा, शिरूर, धारूर, केज, वडवणी या तालुक्यांतील वस्त्या ओस पडतात. कोयता घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्रातील कारखान्यांवर जातात, तशीच कर्नाटकातील बेळगाव, बागलकोटकडेही जातात. अलीकडे याच्या जोडीला दुसरे एक जाणे सुरू झाले आहे. आपली शिकलेली मुले-मुली नोकरीसाठी हैदराबाद, बेंगळुरू, सुरत, इंदूर या शहरांत जातात. कोणी रेल्वेत लागतो, कोणी बँकेत, कोणी खाजगी कंपनीत. कारखान्याचा पट्टा पडला की कोयत्यावर गेलेला माणूस गावी परततो, पण नोकरीवर गेलेला मात्र तिकडेच बिऱ्हाड मांडतो. लग्न होते, मुले होतात, मुले तिकडच्या शाळेत जातात आणि मग एके दिवशी एखाद्या प्रवेश अर्जावर प्रश्न येतो : तुम्ही मूळचे कोणत्या राज्याचे?

या एका प्रश्नाच्या उत्तरावर पुष्कळ काही अवलंबून असते. आम्ही बँकेत खिडकीवर काम करतो. पत्ता बदलण्याचे अर्ज, खाते हलविण्याचे अर्ज आमच्या हातांखालून रोज जातात. त्यामुळे या विषयात कोठे काय अडते हे आम्हांला जवळून पाहायला मिळते. बहुतेकांचा समज असा असतो की देश एक आहे, नागरिकत्व एक आहे, तेव्हा आपले सर्व हक्क आपल्याबरोबर चालत येतात. हा समज अर्धा खरा आहे. उरलेला अर्धा कोणता, याचा ऊहापोह समाजबांधवांच्या उपयोगासाठी येथे करीत आहोत.

न हलता बदललेले राज्य

आपल्या जिल्ह्याने स्वतःही एकदा राज्य बदललेले आहे, आणि तेही जागचे न हलता. १९४८ च्या १७ सप्टेंबरपर्यंत बीड निजामाच्या राज्यात होते. त्यानंतर ते हैदराबाद राज्याचा जिल्हा झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा मराठवाड्याचे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० पासून आपण महाराष्ट्राचे रहिवासी झालो. त्याच दिवशी, म्हणजे १ नोव्हेंबर १९५६ ला, बिदरच्या बाजूची भालकी, औराद ही गावे म्हैसूर राज्यात गेली. काल एका राज्यात असलेले व्याही दुसऱ्या दिवशी दोन राज्यांचे झाले. सोयरिकी मात्र तुटल्या नाहीत. आजही आपल्याकडे बिदर-भालकीकडच्या सुना आहेत आणि आपल्या लेकी तिकडे नांदत आहेत.

हा इतिहास सांगण्याचे कारण व्यवहाराचे आहे. १९५० साली आपले आजोबा-पणजोबा जेथे राहत होते ते राज्य हैदराबाद होते. त्या काळच्या महसूल आणि शाळेच्या नोंदी पुष्कळ ठिकाणी उर्दूत आहेत. पुढे जातीच्या दाखल्याचा विषय येईल तेव्हा या नोंदींचे महत्त्व ध्यानात येईल.

घटनेने दिलेले, जे सर्वत्र बरोबर येते

भारतीय संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदाने प्रत्येक नागरिकाला देशात कोठेही संचार करण्याचा, राहण्याचा आणि स्थायिक होण्याचा हक्क दिला आहे. १५ व्या अनुच्छेदाप्रमाणे शासनाला जन्मस्थानावरून भेदभाव करता येत नाही. १६ वा अनुच्छेद याच्याही पुढे जातो. सरकारी नोकरीत जन्मस्थान किंवा निवास एवढ्याच कारणावरून कोणाला अपात्र ठरवता येत नाही, असे तो सांगतो. निवासाची अट घालायचीच झाली तर ती घालण्याचा अधिकार राज्यांना दिलेला नाही, तो संसदेला दिला आहे.

या तरतुदीवर ३० नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत चर्चा झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिचे समर्थन केले होते. एखाद्या प्रांताशी काहीही संबंध नसलेल्यांनी केवळ जागा पटकावण्यापुरते तेथे यावे, हे त्यांना मान्य नव्हते. त्याचबरोबर प्रत्येक प्रांताने आपापले वेगळे नियम करून एका नागरिकत्वाला छेद द्यावा, हेही मान्य नव्हते. म्हणून हा अधिकार त्यांनी संसदेच्या हाती ठेवला. बाहेरून येणारा आणि आधीपासून राहणारा या दोघांचाही विचार त्या रचनेत दिसतो.

पण याच संविधानाने काही ठिकाणी स्थानिकांसाठी खास तरतुदीही केल्या आहेत. आंध्र-तेलंगणासाठी ३७१-ड हा अनुच्छेद आहे. बिदर, कलबुर्गी, रायचूर या जुन्या हैदराबाद-कर्नाटक भागासाठी २०१२ च्या ९८ व्या घटनादुरुस्तीने ३७१-ञ हा अनुच्छेद आला. तेथील शिक्षण आणि सरकारी नोकऱ्यांत स्थानिकांना काही जागा राखीव असतात. म्हणजे जो भाग एकेकाळी आपल्याबरोबर एकाच राज्यात होता, तेथेही आज आपण बाहेरचे ठरतो.

आधी ठरवा : फिरस्ते की स्थायिक?

दोन प्रकारच्या स्थलांतरांची सरमिसळ केली की नुकसान होते. हंगामापुरता गेलेला माणूस आपल्या गावचाच रहिवासी असतो. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५० चे २० वे कलम सांगते की, तात्पुरत्या गैरहजेरीमुळे कोणाचा सर्वसाधारण निवास संपत नाही. सहा महिने तोडीला गेलेल्या कुटुंबाचे नाव त्यामुळे गावच्या मतदार यादीतच राहिले पाहिजे. ‘हे लोक येथे नसतात’ असे म्हणून कोणी ते वगळू लागले तर हरकत घ्यावी.

त्याच कलमात उलट बाजूही आहे. गावी नुसते घर किंवा शेत नावावर आहे म्हणून माणूस तेथला सर्वसाधारण रहिवासी ठरत नाही. बेंगळुरूत कायमचे घर केले असेल तर नाव तिकडे हलवावे. त्यासाठी १ ऑगस्ट २०२२ पासून नमुना ८ हा अर्ज आहे. दोन्हीकडे नाव ठेवणे बेकायदेशीर आहे आणि अर्जात खोटे निवेदन केल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ‘गावच्या निवडणुकीला आपले मत असू द्या’ असे भाऊबंद म्हणतात. त्यांचे प्रेम समजण्यासारखे आहे, पण कायदा तसे चालू देत नाही.

जातीचा दाखला : सर्वांत महत्त्वाची बाब

आमच्या मते या लेखातील सर्वांत काळजीपूर्वक वाचण्याचा भाग हा आहे.

संविधानाच्या ३४१ व्या अनुच्छेदाप्रमाणे अनुसूचित जातींची यादी राष्ट्रपती राज्यवार जाहीर करतात. पहिला आदेश १० ऑगस्ट १९५० चा आहे. एखादी जात ‘त्या राज्याच्या संबंधात’ अनुसूचित मानली जाते, हे शब्द कळीचे आहेत. महार ही जात महाराष्ट्राच्या यादीत आहे, तशी कर्नाटकाच्या यादीतही आहे आणि गुजरातच्याही. म्हणून लोक समजतात की, बीडचा दाखला बेळगावला चालेल. राज्याच्या सवलतींसाठी तो चालत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने हे १९९० मध्येच स्पष्ट केले. आंध्र प्रदेशात अनुसूचित जमातीत मोडणारा एक विद्यार्थी वडिलांच्या नोकरीमुळे लहानपणीच मुंबईत आला होता. त्याने मुंबईतील वैद्यकीय महाविद्यालयात राखीव जागेवर प्रवेश मागितला. मर्री चंद्रशेखर राव यांच्या या प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले की, स्थलांतर केलेल्या व्यक्तीला नव्या राज्यात तो दर्जा आपोआप मिळत नाही. १९९४ मध्ये दुसऱ्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने हेच कायम केले आणि २०१८ मध्ये बीर सिंग विरुद्ध दिल्ली जल बोर्ड या प्रकरणात पुन्हा तेच सांगितले. न्यायालयाची भूमिका अशी की, एखाद्या जातीला एका राज्यात ज्या हालअपेष्टा सोसाव्या लागल्या त्या दुसऱ्या राज्यात तशाच असतील असे धरता येत नाही.

यावर आपल्या मनात प्रश्न उभा राहतो, आणि तो रास्त आहे. माणूस गाव सोडतो, पण जात त्याला सोडते का? परक्या शहरात भाड्याने खोली पाहताना घरमालक आधी आडनाव विचारतो, मग गाव विचारतो, मग ‘तुमच्यात काय’ असे विचारतो. तेथे राज्याची हद्द आडवी येत नाही. तरीही आज कायदा असा आहे आणि तो जाणून घेऊनच आपली पावले टाकली पाहिजेत.

आता काय बुडते आणि काय टिकते ते पाहू.

नव्या राज्याच्या सरकारी नोकऱ्या, राज्याच्या कोट्यातील प्रवेश आणि राज्याच्या योजनांतील राखीव लाभ बुडतात. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असेही सांगितले की, पंजाबच्या अनुसूचित जातीच्या रहिवाशाला राजस्थानात त्या जातींसाठी राखलेल्या जमिनीवर हक्क सांगता येणार नाही.

केंद्र सरकारचे सर्व काही टिकते. रेल्वे, टपाल, राष्ट्रीयीकृत बँका, आयुर्विमा महामंडळ, केंद्रीय विद्यापीठे, आयआयटी यांत मूळ राज्याच्या दाखल्यावर आरक्षण मिळते, मग तुम्ही राहत असाल कोठेही. दिल्लीत नोकरी शोधणाऱ्यांनाही बीर सिंग प्रकरणाच्या निकालाचा उपयोग आहे, कारण तेथील सेवांसाठी देशभरचे आरक्षण न्यायालयाने मान्य केले. महाराष्ट्रातील हक्कही टिकतो. माणूस बाहेर गेला म्हणून त्याचे मूळ राज्य बदलत नाही.

अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चे संरक्षण हा आणखी महत्त्वाचा मुद्दा. मूळ राज्याबाहेर गेलेल्याला हे संरक्षण मिळते की नाही, असा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठापुढे आला होता. २०२३ मध्ये पूर्णपीठाने निर्णय दिला की, हे संरक्षण राज्याच्या सीमेपुरते मर्यादित करता येणार नाही. इतर राज्यांतील न्यायालयांना हा निकाल बंधनकारक नसला तरी त्यांच्यापुढे तो मांडता येतो. ‘तुम्ही येथले नाही’ असे सांगून कोणी तक्रार घेण्याचे टाळू लागला तर हे ध्यानात ठेवावे.

लग्न होऊन दुसऱ्या राज्यात गेलेल्या लेकींचा प्रश्न वेगळा नाही. जात जन्माने, म्हणजे वडिलांकडून धरली जाते. पंजाबात जन्मलेली आणि लग्नानंतर उत्तराखंडात आलेली एक भगिनी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. तिची जात दोन्ही राज्यांच्या यादीत होती, तरी तिला उत्तराखंडाच्या आरक्षणाचा लाभ मिळाला नाही. भालकीची लेक केजला सून म्हणून आली तर महाराष्ट्राच्या राखीव जागेसाठी तिला हीच अडचण येईल. लग्न ठरवताना हा विचार कोणी करीत नाही, आणि तो करून लग्न मोडावे असेही आमचे म्हणणे नाही. मात्र मुलगी स्पर्धा परीक्षा देणारी असेल तर तिने केंद्राच्या परीक्षांवर भर द्यावा, एवढे आधी कळलेले बरे.

आपल्या समाजासाठी आणखी एक तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे. धर्मांतरित बौद्धांना केंद्राच्या सवलती १९९० च्या घटना आदेश दुरुस्ती कायद्याने मिळाल्या. महाराष्ट्राबाहेरील कार्यालयात ‘नवबौद्ध’ हा शब्द कित्येकदा ओळखीचा नसतो. म्हणून केंद्राच्या नमुन्यातील दाखला वेगळा काढून ठेवावा. त्यात मूळ जात आणि बौद्ध धर्म यांची नोंद नीट आहे की नाही हे वाचून मगच कार्यालयाबाहेर पडावे.

तिकडे जन्मलेल्या मुलांचे काय? केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २२ फेब्रुवारी १९८५ च्या परिपत्रकाप्रमाणे, वडिलांच्या मूळ राज्याच्या दाखल्यावरून नव्या राज्यातील अधिकारी मुलाला दाखला देऊ शकतो. मात्र त्यावर मूळ राज्याचाच उल्लेख असतो आणि नव्या राज्याच्या सवलती त्यावर मिळत नाहीत. महाराष्ट्रात दाखला काढायचा असेल तर १० ऑगस्ट १९५० रोजी आपले पूर्वज जेथे राहत होते, तेथील उपविभागीय अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. त्यासाठी आजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, जुना खासरा यांसारखे पुरावे लागतात. ते उर्दूत असतील तर भाषांतर करून घ्यावे लागते. ही कामे आजोबा हयात असताना, गावात ओळख असताना होतात. वीस वर्षांनी बेंगळुरूहून रजा काढून आलेल्या नातवाला ती जड जातात. जातवैधता प्रमाणपत्राचेही तसेच आहे. घरात वडील किंवा काका यांच्यापैकी एकाचे वैधता प्रमाणपत्र असले तर पुढच्या पिढीचे काम पुष्कळ हलके होते.

शाळा : दोन्ही डगरींवर पाय ठेवू नये

सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शिक्षणहक्क कायदा २००९ चे संरक्षण आहे. त्याच्या ५ व्या कलमाप्रमाणे मुलाला एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाण्याचा हक्क आहे, राज्याबाहेरही. दाखला यायला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश अडवता येत नाही. वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाकारता येत नाही. ऊसतोडीला मुलांना बरोबर नेणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावे. आपल्या जिल्ह्यात ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाची शासकीय वसतिगृह योजना आहे. मुलाला तेथे ठेवता आले तर शाळाच मोडत नाही, हे अधिक चांगले.

कायमचे गेलेल्यांचा प्रश्न भाषेपासून सुरू होतो. कर्नाटकाने २०१५ च्या कायद्याने शाळांत कन्नड सक्तीची केली आणि तेलंगणाने २०१८ मध्ये तेलुगू. दुसरी-तिसरीत गेलेले मूल ही भाषा वर्षभरात उचलते. आठवी-नववीत नेलेल्या मुलाला मात्र फार त्रास होतो. शक्य असेल तर प्राथमिक वयातच न्यावे, नाही तर दहावी गावीच होऊ द्यावी.

याहून मोठा प्रश्न उच्च शिक्षणाचा आहे. महाराष्ट्राच्या कोट्यातील वैद्यकीय जागांसाठी दहावी व बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली असावी आणि अधिवास महाराष्ट्राचा असावा, असा सर्वसाधारण नियम आहे. काही सरकारी नोकरांच्या मुलांना अपवाद आहेत. कर्नाटकात राज्याच्या व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी तेथे किमान सात वर्षे शिकलेले असणे ही एक मुख्य अट आहे. तेलंगणात वैद्यकीय प्रवेशासाठी सलग चार वर्षांची अट आहे.

आता एक उदाहरण मनाशी धरा. गेवराईचे एक कुटुंब बेंगळुरूस गेले. मुलगी नववीपासून तेथे शिकली आणि बारावीस उत्तम गुण मिळवले. महाराष्ट्र म्हणतो, दहावी-बारावी आमच्याकडून नाही. कर्नाटक म्हणते, सात वर्षे पुरी नाहीत. आणि पुरी असती तरी राखीव जागा तुझी नाही. तेल गेले, तूप गेले, हाती धुपाटणे आले, अशी त्या गुणी मुलीची अवस्था होते. तिला उरतो तो केंद्रीय संस्थांचा आणि अखिल भारतीय कोट्याचा मार्ग. तो मोठा आहे, पण तो धरायचा तर तयारी त्याच दिशेने आधीपासून असावी लागते. म्हणून मूल सहावी-सातवीत असतानाच आई-वडिलांनी ठरवावे की पुढचे शिक्षण कोणत्या राज्याच्या हिशेबाने करायचे. अर्धे इकडे, अर्धे तिकडे करू नये. आणि नियम दरवर्षी बदलतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी. शेजाऱ्याच्या सांगण्यावर विसंबू नये.

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीबाबतही गोंधळ होतो. विद्यार्थी शिकतो कोठे यापेक्षा तो कोणत्या राज्याचा कायम रहिवासी आहे, हे तेथे पाहिले जाते आणि अर्ज त्या राज्याकडे करावा लागतो. मुलगा नुसता शिकायला हैदराबादला गेला असेल आणि घर अंबाजोगाईला असेल, तर त्याचे राज्य महाराष्ट्रच आहे.

बँकेचे खाते : आमच्या खिडकीवरून दिसणारे

गाव सोडताना खाते बंद करण्याची मुळीच गरज नसते. एकाच बँकेच्या एका शाखेतून दुसऱ्या शाखेत, मग ती दुसऱ्या राज्यात का असेना, खाते हलवता येते. केवायसी एकदा पूर्ण असेल तर ती नव्या शाखेत पुन्हा पहिल्यापासून करावी लागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे आधारवर गावचा पत्ता असला आणि तुम्ही राहत दुसरीकडे असला, तर सध्याच्या पत्त्याचे स्वयंघोषणापत्र देता येते. नव्या गावात भाडेपत्र नाही, वीजबिल घरमालकाच्या नावे आहे, म्हणून बँकेचे काम अडून बसण्याचे कारण नाही. कोणी अडवले तर शाखाधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

दुसरी गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. सरकारी अनुदान, निवृत्तिवेतन, शिष्यवृत्ती यांचे पैसे आधारच्या आधारे जमा होतात तेव्हा ते शेवटी ज्या खात्याला आधार जोडले असेल त्या खात्यात जातात. कोणी सुरतेला नवे खाते उघडले आणि फॉर्मवर आधार जोडण्याच्या रकान्यात सही केली, तर गावच्या खात्यात येणारे पैसे त्या महिन्यापासून सुरतेच्या खात्यात जाऊ लागतात. गावी म्हातारी आई पासबुक घेऊन बँकेत येते आणि आपले पैसे सरकारने बंद केले असे समजून परत जाते, असे जेव्हा म्हणून घडते तेव्हा बहुधा तिच्या आधारशी असेच कोणीतरी दुसरे खाते जोडलेले असते. तेव्हा नव्या खात्याला आधार जोडण्यापूर्वी विचार करावा. आई-वडिलांना बरोबर नेले असेल तर त्यांची नवी खाती उघडताना तर विशेष. श्रावणबाळ, संजय गांधी निराधार या महाराष्ट्राच्या योजना आहेत आणि त्यांना राज्यातील रहिवासाची अट आहे, हेही त्यात आले.

तिसरी गोष्ट विम्याची. पुष्कळांच्या गावच्या खात्यातून दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस प्रधानमंत्री सुरक्षा विम्याचे २० रुपये आणि जीवनज्योती विम्याचे ४३६ रुपये कापले जातात. प्रत्येकी २ लाख रुपयांचे ते संरक्षण असते. खाते रिकामे ठेवून निघून गेले तर हप्ता जात नाही आणि विमा बंद पडतो. दोन वर्षे खात्यात काही व्यवहार केला नाही तर खाते निष्क्रिय होते. दहा वर्षांनी ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत जाते. ती नंतरही मागता येते, पण हेलपाटे पडतात. खात्याला वारसाचे नामांकन केले आहे की नाही तेही निघण्यापूर्वी तपासावे.

रेशन, औषधपाणी आणि गाडी

हे विषय थोडक्यात आटोपतो. ‘एक देश एक रेशनकार्ड’ योजना ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू झाली. तिच्या पहिल्या जोड्यांत महाराष्ट्र-गुजरात होते. जून २०२२ पर्यंत ती सर्व राज्यांत पोहोचली. अन्नसुरक्षा कायद्याखालील प्राधान्य कुटुंबाला दरमहा माणशी ५ किलो धान्य मिळते. ते अंगठा देऊन देशातील कोणत्याही स्वस्त धान्य दुकानातून घेता येते. जोडप्याने आपल्या वाट्याचे कर्नाटकात उचलले तरी गावी राहिलेल्या म्हाताऱ्यांना उरलेले गावच्या दुकानात मिळते. नव्या राज्याने आपल्या तिजोरीतून दिलेले जादा धान्य मात्र बाहेरच्या कार्डावर मिळत नाही. अंगठा जुळावा म्हणून सर्व सभासदांची ई-केवायसी गावीच करून घ्यावी.

आयुष्मान कार्डावर योजनेतील रुग्णालयात देशभर उपचार मिळतात. कार्ड आणि आधार नेहमी जवळ बाळगावे.

गाडीवर एमएच-२३ किंवा एमएच-४४ असला तरी ती १२ महिन्यांपर्यंत दुसऱ्या राज्यात चालवता येते. त्याहून अधिक काळ तेथे ठेवायची असेल तर आपल्या आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन तेथे नवी नोंदणी करावी लागते. वाहन चालवण्याचा परवाना मात्र देशभर चालतो.

भाषा आणि शेजार

कागदपत्रे पुरी झाली तरी माणूस स्थायिक झाला असे होत नाही. आपल्या मराठवाड्याच्या माणसाची एक सोय आहे. त्याला येणारी दखनी वळणाची हिंदी हैदराबाद, बिदर, कलबुर्गीत सहज चालते. त्यामुळे तो तेलुगू-कन्नड शिकायची टाळाटाळ करतो. तसे करू नये. पोलीस चौकीतील जबाब, दवाखान्यातील सूचना, शाळेतील पालकसभा, तलाठ्याचा कागद हे सारे त्या राज्याच्या भाषेत असते. ज्याला लिपी वाचता येत नाही त्याला प्रत्येक कागदासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागते. ज्या समाजाने अक्षर मिळवण्यासाठी एवढा लढा दिला, त्याने नव्या गावात पुन्हा निरक्षर होऊन राहू नये. सहा महिन्यांत पाट्या वाचता याव्यात, वर्षात अर्ज वाचता यावा, एवढे ध्येय पुरे आहे.

घरात मात्र मराठी राखावी. प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करावी, असे संविधानाचा ३५०-अ हा अनुच्छेद राज्यांना सांगतो. पण परक्या शहरात मराठी शाळा जवळ असतेच असे नाही. तेव्हा वाचायला-लिहायला शिकवण्याचे काम आई-वडिलांवरच येते. मुलाला आजीचे पत्र वाचता आले नाही, तर पुढे आजोबांच्या १९५० च्या कागदाचा अर्थही त्याला लागणार नाही.

निघण्यापूर्वी करावयाची कामे

१. घरातील प्रत्येक मुलाचा जातीचा दाखला राज्याच्या आणि केंद्राच्या अशा दोन्ही नमुन्यांत काढावा. एकाची तरी जातवैधता करून घ्यावी.

२. १९५० पूर्वीच्या नोंदींच्या प्रमाणित प्रती आणि उर्दू असल्यास भाषांतर काढून दोन ठिकाणी ठेवावे.

३. अधिवास प्रमाणपत्र गाव सोडण्यापूर्वी घ्यावे.

४. मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले घ्यावेत. त्यांवरील नाव, जन्मतारीख आणि जात आधारशी जुळते का पाहावे.

५. रेशनकार्डाची ई-केवायसी, बँकेचे नामांकन आणि मोबाईल क्रमांक दुरुस्त करावा.

६. खाते बंद न करता हलवावे. आई-वडिलांचे आधार कोणत्या खात्याला जोडले आहे ते विचारून घ्यावे.

७. तेथे स्थायिक झाल्यावर नमुना ८ भरून मतदार यादीतील नाव हलवावे. हंगामी गेलेल्यांनी ते हलवू नये.

ही कामे आठ-पंधरा दिवसांची आहेत आणि त्यांना खर्च फारसा नाही. समाजमंदिरात शिकलेल्या दोघा-तिघांनी दसऱ्यापूर्वी एक-दोन रविवार बसून वस्तीतील जाणाऱ्या कुटुंबांची कागदपत्रे तपासून दिली, तर पुष्कळांचे पुढचे हेलपाटे वाचतील. आमच्यासारख्या नोकरदारांनी हे काम आपले मानावे. जाणाऱ्याला आपण गावात अडवू शकत नाही आणि अडवूही नये. मात्र जाताना त्याच्या पिशवीत भाकरीबरोबर हे कागद असतील, एवढे आपण नक्की पाहू शकतो.